नाव घातलेली वाटी

आधीच सांगून ठेवते. हे ऐकीव नाही. कुणाच्या मावशीच्या जावेच्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. पिंपळबिंपळ तर नाहीच, कारण मी जर्मनीत राहते.

वार सोमवार. २९ डिसेंबर. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्या मिनिटाला मी माझ्या मुलीला हाक मारली आणि तिची ओ आली नाही.

का, ते पुढे कळेल. आणि कृपा करून खाली "छान लिहिलंय, पुढचा भाग कधी" असं टाकू नका. डोकं फिरतं माझं.

मी चारुलता. मूळची पुण्याची. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहते आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज करते. म्हणजे भिंती मोजते. दिवसभर तेच. त्यामुळे भिंतीच्या बाबतीत मला कुणी चुना लावू शकत नाही, असा माझा समज होता.

नवरा मयुरेश, सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी ओवी, सात वर्षांची. आणि त्या वेळी सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांना मी आईच म्हणते.

आईंचं एकच दुःख होतं. नात मराठी बोलत नाही.

ओवीला सगळं कळायचं. पण उत्तर जर्मनमध्ये. आई विचारायच्या, "जेवलीस का गं?" की ही, "या, ओमा." म्हणजे हो, आजी. मला हाक मारायची ती "मामा". इकडे आईलाच मामा म्हणतात. आईंनी कपाळाला हात लावला होता. "चारू, अगं जन्मदात्रीला मामा काय म्हणते ही कार्टी!"

आम्ही हसायचो. पण एकदा रात्री मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं होतं. "माझ्याशी दोन शब्द बोलली असती तर पुरे होतं," म्हणाल्या. ते वाक्य मला नंतर फार छळणार होतं.

तर, नाताळच्या सुट्टीत आईंना समुद्र दाखवायला आम्ही उत्तरेला गेलो. गावाचं नाव सांगणार नाही. तिथे अजून माणसं राहतात, आणि मला त्यांच्यापैकी कुणाचं वाईट करायचं नाही.

किनाऱ्याला लागून पांढऱ्या घरांची एक रांग आहे. आठ घरं. एकाला एक चिकटलेली.

हॅम्बुर्गच्या कुठल्याशा व्यापाऱ्याला इंग्लंडच्या समुद्रकाठची घरं आवडली, म्हणून त्याने तशीच इथे बांधून घेतली. दीडशे वर्षं होऊन गेली. पुढे पोट काढलेल्या गोल खिडक्या, लोखंडी जाळीच्या काळ्या बाल्कन्या, आणि रस्त्याच्या खाली अर्धा जमिनीत बुडालेला स्वयंपाकघराचा मजला. वरून सगळं एकच लांबलचक राजवाडा वाटावं अशी रंगवलेली. मी तर रस्त्यावर उभी राहून तोंड उघडं टाकून बघत होते.

अशा रांगेत एक गंमत असते. घरं जोडीने बांधतात आणि जोडीतलं दुसरं घर पहिल्याच्या उलट काढतात. आरशात दिसावं तसं. आपल्या घरात दारातून शिरल्यावर जिना उजवीकडे, तर शेजारच्यांचा डावीकडे. मधली भिंत एकच. म्हणजे आपण जिना चढतो, तेव्हा भिंतीपलीकडे शेजाऱ्याचाही जिना चढत असतो. पायरीला पायरी.

आम्ही पाच नंबरात होतो. जोडीतलं दुसरं सहा नंबर.

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फाइलमध्ये लिहिलं होतं की पाच आणि सहा ही घरं त्या व्यापाऱ्याने आपल्या दोन जुळ्या मुलींसाठी बांधली. स्वयंपाक पाचमध्ये व्हायचा. मधल्या भिंतीत जेवण वर नेण्याची छोटी लिफ्ट होती, ती दोन्ही घरांकडे उघडायची.

लिफ्ट म्हणजे काय, भिंतीत एक लाकडी झडप, आत दोराने ओढायचं खोकं. मोठं पातेलं मावेल एवढं.

किंवा पाय दुमडून बसलेलं मूल.

शनिवारी संध्याकाळी पोचलो. रविवारी सकाळी ब्रेड चावताना ओवीचा दात पडला. वरचा, पुढचा, तिच्या डाव्या बाजूचा. त्याचा कोपरा आधीच टवका उडालेला होता, घसरगुंडीवर पडली होती तेव्हाचा. काय नाचली ती! मयुरेशने तिच्याबरोबर फोटो काढला. रक्ताळलेल्या हिरड्या दाखवत हसतेय.

आईंनी नातीचा दात पडला म्हणून शिरा केला. तूप, वेलची, सगळं नाशिकहून आणलेलं. खालच्या त्या थंडगार स्वयंपाकघरात असा वास सुटला की बस्.

आणि तेव्हा…

टक्… टक्… टक्…

झडपेच्या आतून.

"शेजारचे असतील," आई म्हणाल्या. "वास गेला असेल त्यांना. वासावर कुणाला ठेवू नये, चारू."

मी म्हटलं, "अहो आई, इथे भिंतीवर ठोकतात ते आवाज कमी करा म्हणून." पण त्या कुठल्या ऐकतायत! सामानातून स्टीलची वाटी काढली. ओवीची वाटी. बारशाला त्यांनीच दिलेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात ना, तसं तिच्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: चि. ओवीस, आजीकडून. खाली तारीख.

त्या वाटीत शिरा भरला, वर बदामाचा काप. झडप उघडून खोक्यात ठेवली. झडप लावली. स्वतःच तीनदा ठोकलं आणि दोर ओढला.

दोर वर गेला. मग थांबला. मग आणखी हातभर गेला… आम्ही कुणी ओढलेला नसताना.

"घेतली बघ," आई खूश.

पाच वाजता पुन्हा ठोकल्याचा आवाज आला. झडप उघडली. वाटी घासून पुसून लख्ख. आणि तिच्यात साखरेचे तीन चौकोनी खडे.

आईंचे डोळे भरून आले. "बघ गं ओवी! जर्मन असून त्यांनासुद्धा माहितीये. दुसऱ्याची वाटी रिकामी परत पाठवायची नाही. कधी नाही. काही ना काही घालून द्यायचं. काय सांगितलं मी?"

"गेनाऊ, ओमा," ओवी म्हणाली. अगदी बरोबर, आजी.

खडे पिवळट होते. जुने. मी गुपचूप कचऱ्यात टाकले. माझं काम म्हणून सांगते, मी तेव्हाच मधल्या भिंतीची जाडी बघायला हवी होती. पण सुट्टी होती. कंटाळा केला.

सोमवारी दुपारी मी म्हटलं, आभार तरी मानून येऊ. सहा नंबरच्या दाराशी गेले.

बेलवर नाव नाही. पत्रपेटी चिकटपट्टीने बंद. खिडक्यांना आतून तपकिरी कागद.

फाइलमध्ये किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंचा नंबर होता. फ्राउ टेस. मी फोन केला.

त्या म्हणाल्या, "सहा नंबर? तिथे कुणी नाही. लाकडाला बुरशी लागली. तीन वर्षांपूर्वी सगळे मजले उतरवले. जिनासुद्धा नाही आता. नुसत्या भिंती आहेत."

मी तिथेच उभी. समुद्रावरून वारा येत होता. माझ्या हातात त्यांना द्यायला आणलेला चिवड्याचा पुडा होता.

मला पहिलं काय आठवलं असेल? ओवी.

पळत घरी आले. मयुरेश वरच्या मजल्यावर ऑफिसच्या कॉलवर होता. सुट्टीत कसले कॉल, म्हणून सकाळीच वाजलं होतं आमचं. आई आंघोळीला गेलेल्या.

"ओवी!"

मोबाईलवर तीन दहा.

उत्तर नाही.

मी आत आले तेव्हा दाराला आतून कडी होती. आईंनी बाथरूममधून येऊन, ओल्या केसांनी मला दार उघडलं होतं. म्हणजे ओवी बाहेर गेलेली नाही. तिचे बूट जागेवर. जॅकेट खुंटीला. खालच्या खिडक्यांना गज आहेत.

मुलगी घरातच होती. घरात नव्हती.

खाली गेले. स्वयंपाकघर रिकामं. टेबलावर रंगीत पेन्सिली. आणि झडप…

झडप उघडी होती. आतला दोर हलत होता.

"आई! वाटी कुठाय?"

आई जिन्यात उभ्या. "अगं, ती म्हणाली… म्हणजे खुणेने म्हणाली, वाटी परत पाठवायचीय. तिने तिचा दात ठेवला वाटीत. मी म्हटलं खेळतेय पोर. म्हणून मी आंघोळीला गेले… चारू, काय झालं गं?"

मी खोकं खाली ओढलं. रिकामं. वाटीही नाही, दातही नाही.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून…

"मामा?"

माझी ओवी. शंभर टक्के माझी ओवी.

"मामा, इश बिन हिअर." मी इथे आहे.

मी भिंतीला कान लावला. आवाज जिन्याकडे सरकला. मी जिन्याकडे धावले. मी एक पायरी चढले, पलीकडे एक पायरी वाजली. मी दुसरी चढले, पलीकडे दुसरी. छोटे पाय. मोजे घातलेले. मी थांबले की ते थांबत होते. मी धावत वर गेले, तर तेही धावत वर.

फ्राउ टेस काय म्हणाल्या होत्या? जिनासुद्धा नाही आता.

मी दोन्ही हातांनी भिंत बडवत होते. मयुरेश हेडफोन गळ्यात घालून बाहेर आला. "अगं, काय चाललंय?" मी ओरडले, "ओवी भिंतीत आहे!" त्याने आधी माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघतात तसं पाहिलं. मग त्यालाही ऐकू आलं.

त्याने ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावला. मी फ्राउ टेसना किल्ली घेऊन या म्हणून सांगितलं आणि परत खाली गेले.

माझ्या पर्समध्ये लेसर मीटर कायम असतं. बटण दाबलं की समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर सांगतं. झडपेत हात घालून मी ते धरलं. समोर लाकडी फळी स्पष्ट दिसत होती, हातभरावर. लाल ठिपका तिच्यावर पडलेला.

आकडा आला… ४.८२.

चार मीटर ब्याऐंशी. पुन्हा दाबलं. तेच.

मी मागे वळून आमच्याच स्वयंपाकघराची लांबी मोजली. झडपेपासून समोरच्या भिंतीपर्यंत.

४.८२.

मग मी जे केलं ते कुठल्याही आईने केलं असतं. डोकं आणि खांदे आत घातले. "ओवी, हात दे मला! बाळा, हात दे!"

आत चुन्याचा आणि तुपाचा वास होता.

खांदे अडकले.

पुढे जाता येईना, मागे येता येईना. छाती दाबली गेली. श्वास अर्धाच येत होता. समोर काळोख. फळी जिथे असायला हवी तिथे माझा हात पोचला… आणि फळी नव्हती.

तिथे कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. लहान मुलीचा आवाज. पाठांतर करावं तसा.

"जेवलीस का गं… जेवलीस का गं… वासावर कुणाला ठेवू नये… वाटी रिकामी परत पाठवायची नाही… कधी नाही…"

आईंची वाक्यं. दोन दिवसांत त्या स्वयंपाकघरात बोललेली. हेल तोच, नाशिकचा.

आणि त्याच्याही मागे, खूप लांबून, माझी ओवी रडत होती. जर्मनमध्ये.

मग माझ्या बोटांवर बोटं आली. लहान. गार. त्यांनी माझा अंगठा घट्ट धरला.

मी किंचाळले असेन. मयुरेशने कमरेला धरून मला मागे खेचलं. दोन्ही खांदे सोलवटले. अजून वण आहेत.

बाहेर फ्राउ टेस आल्या होत्या. आम्ही दोघं सहा नंबरकडे धावलो. त्यांनी दार उघडलं.

आत काहीच नव्हतं. खालपासून छपरापर्यंत नुसती पोकळी. कबुतरांची घाण. वर तुळया. जिथे जिना होता तिथे भिंतीवर तिरकी खूण तेवढी राहिलेली. आणि खाली, आमच्या झडपेच्या बरोबर मागे… भिंत विटांनी बंद केलेली. विटा काळ्या पडलेल्या.

"हे माझ्या आजीच्या वेळेपासून बंद आहे," फ्राउ टेस म्हणाल्या.

मयुरेश त्या विटांना लाथा मारत होता. मी तिथेच घाणीत बसले.

आणि तेवढ्यात पाच नंबरातून आईंची हाक आली. "सापडली! चारू, सापडली गं!"

कसे आलो, आठवत नाही.

ओवी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. केसांत चुना. कालचा उरलेला शिरा आईंनी तिच्यापुढे ठेवला होता आणि ती तो खात होती. मान खाली घालून, भराभरा. आई म्हणाल्या, त्या देवाचं नाव घेत डोळे मिटून उभ्या होत्या. दोर वाजला. डोळे उघडले तर झडपेत पोर.

तीन पन्नास झाले होते. चाळीस मिनिटं.

मी तिला छातीशी धरलं. रडत राहिले. पोलीस आले, जबाब घेतला, पोर लिफ्टमध्ये बसलं असणार म्हणून मान हलवून गेले.

ओवीने वर बघितलं. हसली.

"आई," ती म्हणाली, "मला अजून भूक लागली आहे."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईंकडे. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बोलली," त्या म्हणाल्या. "बोलली गं माझी बाय."

मला तेव्हा काही म्हणजे काही खटकलं नाही. पोर मिळाली होती. वाटीची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघून आलो.

आता यानंतरचं सांगते. हे सांगणं मला जास्त जड जातंय.

ओवी मराठीच बोलते. जर्मन कळतं, पण अडखळत बोलते. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, धक्का बसला असेल. दुसरी गोष्ट त्या म्हणाल्या, "ती आता डाव्या हाताने लिहिते. तुम्ही घरी काही वेगळं शिकवताय का?"

बुटांची जोडी रोज उलटी घालते.

दारं बंद केली की थरथरते. रात्री माझा अंगठा धरून झोपते, घट्ट. "आई, दार लावू नको हं. मला आत नको ठेवू," म्हणते. मी कधी तिला आत ठेवलं होतं?

आणि जानेवारीत एकदा तिचे दात घासून देत होते. ती आरशाकडे पाठ करून माझ्यासमोर उभी होती.

पडलेल्या दाताची खिडकी…

तिच्या उजवीकडे.

मी तिला हसायला सांगितलं. परत पाहिलं. डाव्या बाजूचा दात जागेवर. अख्खा. टवकाबिवका काही नाही.

मयुरेशला तो फोटो दाखवला. तो म्हणाला, "सेल्फी आहे तो, चारू. सेल्फी उलटा येतो. डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." मी म्हटलं, "आणि टवका?" तो म्हणाला, "तो पडलेल्या दाताला होता ना? मग?" बरोबर आहे त्याचं. मी उगाच भांडले. तीन दिवस अबोला.

दातांच्या डॉक्टरकडे तिचा जुना तक्ता आहे. तिथे एका मिनिटात कळेल. दोनदा अपॉइंटमेंट घेतली, दोनदा रद्द केली. मला कळून घ्यायचं नव्हतं. खरं सांगते, मला भीती वाटत होती.

फेब्रुवारीत आई नाशिकला परत गेल्या. एवढी मराठी बोलणारी नात, पण व्हिडिओ कॉलवर त्या तिच्याकडे बघत नाहीत. कॅमेरा छताकडे असतो. "आजी, जेवलीस का गं?" ही विचारते. त्याच हेलात. आई म्हणतात, "हो हो," आणि फोन ठेवतात.

मग मागच्या मंगळवारी पार्सल आलं.

फ्राउ टेसचं. सोबत चिठ्ठी. सहा नंबरची दुरुस्ती सुरू झाली, खालच्या विटा काढल्या, त्यांच्या मागे एक भांडं मिळालं. वर तुमच्या लिपीतलं काहीतरी दिसतंय, म्हणून पाठवतेय.

कागद सोडवला.

ओवीची वाटी. चि. ओवीस, आजीकडून. घासून पुसून लख्ख.

रिकामी नव्हती.

आत दात होते. एक ओळखीचा. कोपऱ्याचा टवका उडालेला. तो तिने स्वतःच ठेवला होता.

पण दात… दोन होते.

दुसरा नवा. वरचा, पुढचा, उजवीकडचा. मुळाशी अजून तांबूस.

घरातल्या ओवीचा एकच दात पडलाय. मी रोज मोजते. मी, मयुरेश, दोघांनी मिळून परत मोजले. त्याने दोन्ही दात तळहातावर घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "चारू, तिकडे तिचा दुसरापण पडला." आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

माझी ओवी तिथे आहे. ती तिथे मोठी होतेय. तिला दात पडला तेव्हा तिच्यासाठी शिरा कुणी केला नाही.

आईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "मी मागितलं होतं गं. दोन शब्द बोलू दे म्हणून. आपण तिच्या नावाची वाटी दिली त्यांना. त्यांनी रीत पाळली. रिकामी नाही पाठवली." आणि फोन ठेवला.

वाटी आता आपल्याकडे आहे. म्हणजे पाळी आपली आहे.

आणि काय घालून पाठवलं तर माझी पोर परत येईल, हे मला कळतं. मयुरेशला कळतं. आम्ही दोघं ते तोंडाने म्हणत नाही.

कारण जी इथे आहे ती माझा अंगठा धरून झोपते. तिने कुणाचं काय वाईट केलंय? तीही तिथे कोंडलेली होती. किती वर्षं, कोण जाणे. वासावर होती. मी तिला उचलून त्या अंधारात परत ठेवू? माझ्या हाताने झडप लावू? आणि नाही ठेवलं, तर माझी तिकडे भिंतीला कान लावून बसली असेल. मामा येईल म्हणून.

मला सांगा. कुणाला यातलं काही माहिती असेल तर खरंच सांगा. मी हात जोडते.

तिकिटं काढली आहेत. उद्याची. सकाळी सात छप्पन्नची गाडी.

पाच नंबर परत घेतलंय, तीन रात्रींसाठी. तिकडच्या विटा पुन्हा बसवायच्या आत जायला हवं. जाणार आम्ही तिघं; तरी किती जण ते नोंदवताना चारचा आकडा टाकला, मग खोडला, मग परत टाकला.

आत्ता मी बॅग भरतेय. ती शेजारी पाटावर बसली आहे. वाटी तिनेच घासली, डाव्या हाताने, मन लावून. मग पदराने पुसावी तशी माझ्या ओढणीने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"आई," म्हणाली, "यात काय घालायचं?"